शिकता शिकविता : सहाध्यायी-अध्यापनाची परंपरा आणि प्राध्यापकांचे दायित्व

निपाणी शहराच्या वेशीपाशी अर्जुननगर येथे १९६१ साली स्थापन झालेले देवचंद महाविद्यालय आहे. शहर कर्नाटकात, तर महाविद्यालय महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. निपाणीचा विद्यार्थी सकाळी वह्या घेऊन निघतो, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो आणि दुपारी परत येतो. बेळगावची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील लिंगराज महाविद्यालय १९३३ साली आणि राणी पार्वतीदेवी महाविद्यालय १९४५ साली निघाले, तेव्हा हा सारा प्रदेश मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. पुढे ही महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी आणि २०१० नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाशी जोडली गेली. सीमेचा वाद न्यायालयात आहे आणि तो ह्या लेखाचा विषय नव्हे. ह्या लेखाचा विषय आहे तो ह्या भागातील वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा विद्यार्थी.

तो गप्प का असतो, हे एका शब्दावरून ध्यानात येईल. मराठी शाळेत तो ज्या कल्पनेला ‘त्वरण’ म्हणून ओळखत होता, तिला त्याचा कन्नड शाळेतून आलेला मित्र ‘वेगोत्कर्ष’ म्हणतो आणि प्राध्यापक ‘अ‍ॅक्सिलरेशन’ म्हणतात. कल्पना एकच, नावे तीन. मुलाला कल्पना ठाऊक असते. परंतु ज्या नावाने ती पुकारली जाते ते नाव ठाऊक नसल्याने, ओळखीचा मनुष्य परक्या वेषात समोरून जावा तशी ती त्याच्या समोरून निघून जाते. प्राध्यापक विचारतात, “समजले ना?” वर्ग मान डोलावतो. त्या मान डोलावण्यात किती मुले बुडाली, ह्याची नोंद कोणत्याही हजेरीपटात नसते.

अशा मुलापर्यंत पहिली मदत बहुधा पोहोचते ती शेजारच्या बाकावरून, किंवा एक-दोन वर्षे पुढे असलेल्या विद्यार्थ्याकडून. ही मदत महाविद्यालयाने जाणीवपूर्वक उभी करावी, असे अलीकडे पुष्कळ बोलले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शालेय स्तराच्या संदर्भात, विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्याचा पुरस्कार केलेला आहे. मात्र तो प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली. ह्या शेवटच्या अटीचे महत्त्व किती, हे इतिहासाकडे वळल्यावाचून कळणार नाही. कारण हा प्रयोग नवा नाही. तो आपल्याच भूमीत जन्मला, सातासमुद्रापलीकडे गेला, तेथे नावारूपास येऊन बिघडला आणि बिघडलेल्या रूपात आपल्याकडे परत आला.

धुळाक्षरांची शाळा

इ.स. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी केळदीच्या नायकांच्या राजधानीत, इक्केरी येथे आला होता. हे स्थान आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यात सागरजवळ आहे. तेथील एका देवळाच्या ओसरीत चार मुले अंकगणित शिकत असलेली त्याने पाहिली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली होती. मुले एका सुरात धडा म्हणत आणि म्हणता म्हणता बोटाने वाळूत आकडे काढीत. शिक्षक तेथे कोणी नव्हता. प्रवाशाला नवल वाटले. अडले तर तुम्हांला कोण सांगणार, असे त्याने विचारले. मुलांनी उत्तर दिले त्याचा आशय असा की, चौघेही एकाच ठिकाणी एकाच वेळी अडणे शक्य नाही. एक चुकला तर उरलेले त्याला सांगतात, म्हणून तर आम्ही एकत्र म्हणतो.

सहाध्यायी-अध्यापनाचे ह्याहून नेमके समर्थन आजही कोणाला करता येईल असे वाटत नाही. मराठी मुलुखातील पंतोजींच्या शाळाही ह्याच रीतीने चालत. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, मोठ्या मुलाने लहानाचा हात धरावयाचा, संध्याकाळी परवच्याला एकाने पाढा सांगावयाचा व बाकीच्यांनी मागून म्हणावयाचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी अशीच तोंडी उतरली. पंतोजी एक, मुले अनेक, पुस्तके जवळजवळ नाहीत, अशा स्थितीत दुसरा उपायही नव्हता.

तथापि ह्या शाळांचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. त्या ओसरीवर कोणाला बसू दिले जात होते? अस्पृश्य ठरविलेल्या जातींची मुले आणि बहुतेक मुली त्या वर्तुळाच्या बाहेरच होत्या. ‘एक चुकला तर दुसरा सांगेल’ हा नियम केवळ आत बसलेल्यांसाठी होता. आपण ही रीत पुन्हा उचलणार असू, तर तिच्यातील हा दोषही जाणून उचलली पाहिजे.

मद्रासहून लंडनला आणि तेथून परत

१७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश धर्मगुरूने मद्रासमधील एग्मोर येथे सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या अनाथालयाची देखरेख स्वीकारली. जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवीत असलेली पाहून त्याने तीच रीत आपल्या संस्थेत आणावयाचे ठरविले. त्याच्या हाताखालील शिक्षकांना ती रुचली नाही. तेव्हा बेलने सुमारे आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्किन नावाच्या एका सैनिकपुत्राकडे अगदी खालचा वर्ग सोपविला. मोठ्यांना जे साधले नव्हते ते त्या मुलाने करून दाखविले. मग अशा आणखी मुलांकडे वर्ग दिले गेले. मायदेशी परतल्यावर बेलने १७९७ मध्ये आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि ही पद्धत ‘मद्रास पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर ह्यानेही १७९८ मध्ये स्वतःची शाळा काढून असाच क्रम सुरू केला. पुढे दोघांच्या अनुयायांत श्रेयाचा व पंथाचा वाद माजला, आणि दोन्ही बाजूंनी झपाट्याने शाळा निघाल्या. एकच शिक्षक ‘मॉनिटर’ मुलांच्या साहाय्याने शेकडो मुलांना शिकवू शकतो, ही त्या पद्धतीची जाहिरात होती. आणि ह्याच जाहिरातीत तिच्या अपयशाचे बीज होते. कारण आता हेतू बदलला. बेलने फ्रिस्किनला उभे केले ते तो चांगले शिकवीत होता म्हणून. लंडनच्या दात्यांनी मॉनिटरना उभे केले ते स्वस्त पडत म्हणून. मॉनिटर स्वतः जेमतेम एक धडा पुढे असे. त्याला विषय समजावून सांगण्यास शिक्षकाला सवड नसे. परिणामी पाठांतर वाढले, आकलन घटले. लँकेस्टरच्या शाळेत मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकविणे, त्याला टोपलीत घालून छताला टांगणे, असल्या मानहानीच्या शिक्षाही होत्या. मुलाच्या हाती मुलाला सोपवून शिक्षक दूर गेला की अध्यापनाची जागा शिस्त घेते, ह्याचा हा पुरावा होय.

हीच पद्धत मुंबई इलाख्यात सुधारणा म्हणून आली. १८२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांच्या देखरेखीखाली मराठी शिक्षक तयार केले, आणि १८२६ पासून ते निरनिराळ्या जिल्ह्यांत पाठविले गेले. त्यांना शिकविलेली रीत लँकेस्टरची होती. ज्या रीतीचे मूळ दक्षिणेतील ओसऱ्यांवर होते, ती अशा तऱ्हेने इंग्रजी वेष घालून पंतोजींच्याच दारी आली.

तिचा अवशेष आजही आपल्या प्रत्येक शाळेत आहे. तो म्हणजे वर्गाचा मॉनिटर. पण हा मॉनिटर काय करतो? गुरुजी बाहेर गेले की फळ्यावर बोलणाऱ्या मुलांची नावे लिहितो. जो मुलगा एके काळी सोबत्याचा हात धरून अक्षर गिरवून घेत होता, तो आता सोबत्याची चुगली करतो. एका थोर कल्पनेचा असा शेवट व्हावा ही खेदाची गोष्ट आहे, आणि विचार करण्याजोगीही आहे.

१८४६ चा धडा

मॉनिटर पद्धतीचे दोष इंग्लंडला उमगले तेव्हा तेथील शासनाने १८४६ मध्ये ‘विद्यार्थी-शिक्षक’ ही नवी योजना आणली. तिच्यात तेरा वर्षांपुढील निवडक विद्यार्थ्यांना पाच वर्षांची उमेदवारी करावी लागे. त्यांना वेतन मिळे व दरवर्षी निरीक्षक त्यांची परीक्षा घेत. परंतु सर्वांत महत्त्वाची तरतूद निराळीच होती. मुख्याध्यापकाने ह्या उमेदवारांना शाळेच्या वेळेबाहेर रोज दीड तास स्वतः शिकविले पाहिजे, असा नियम होता. आणि त्या श्रमाबद्दल मुख्याध्यापकालाही वेगळा मोबदला मिळे.

दोन्ही योजनांत मुलेच शिकवीत होती. भेद एवढाच, की पहिलीने शिक्षकाचे श्रम वाचविण्याचे आश्वासन दिले आणि दुसरीने शिक्षकाकडे अधिक श्रम मागितले. दुसरी योजनाही निर्दोष नव्हती. पण तिने एक सत्य मान्य केले. विद्यार्थी जेव्हा विद्यार्थ्याला शिकवितो, तेव्हा शिक्षकाचे काम कमी होत नाही; ते बदलते, आणि पुष्कळदा वाढते. प्रस्तुत लेखाचे सांगणे जे काही आहे ते एवढेच आहे.

मुंबईच्या विद्यार्थ्यांचे उदाहरण

आता आपल्या भागाकडे व महाविद्यालयीन वयाकडे वळू. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. मिशनच्या इंग्रजी शाळेची परंपरा बेनन-स्मिथ हायस्कूलच्या रूपाने बेळगावात टिकून राहिली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे एक जनक बाबा पदमनजी ह्यांचा जन्म १८३१ साली बेळगावातच झाला, त्यांचे आरंभीचे इंग्रजी शिक्षण ह्याच मिशनच्या शाळेत झाले, आणि पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस गेले. एका भाषेच्या अंगणातून दुसऱ्या भाषेच्या वर्गात जाणारा सीमाभागातील विद्यार्थी ही काही आजचीच घटना नव्हे.

बाबांच्या विद्यार्थिदशेतील मुंबईत त्याच सुमारास एक संस्मरणीय गोष्ट घडली. एल्फिन्स्टन संस्थेतील आजी-माजी विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन ह्यांच्या प्रोत्साहनाने १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. सभासद निबंध वाचीत, त्यांवर चर्चा होई. आणि देशी भाषांतून तेच ज्ञान इतरांस देण्यासाठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. १८४९ मध्ये ह्याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी वेतन न घेता स्वतः शिकविले. दादाभाई नौरोजी हे त्यांतलेच एक.

येथे पॅटन ह्यांनी केलेले काम लक्षात घ्यावे. त्यांनी अध्यक्षपद स्वीकारले, म्हणजे उपक्रमास आपल्या नावाची प्रतिष्ठा दिली. पण विद्यार्थ्यांच्या हातचा खडू काढून घेतला नाही. तरुणांना आधार हवा असतो, सावली नको असते. ज्या झाडाची सावली फार दाट, त्याच्याखाली रोप वाढत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण दक्षिणा फेलोंचे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात त्या निधीचा काही भाग महाविद्यालयीन शिक्षणाकडे वळविण्यात आला आणि त्यातून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. हे तरुण स्वतः वरचा अभ्यास करीत आणि खालच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना शिकवीत. महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टन महाविद्यालयात असे फेलो होते. पुढे गोपाळ गणेश आगरकर डेक्कन महाविद्यालयात होते. पिढीजात मानाची दक्षिणा शिकविण्याच्या श्रमाला मिळू लागली, हा बदल लहान नव्हे. शिकविणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रम फुकट समजू नयेत, हा त्यातील बोध आहे.

सीमाभागातील प्राध्यापकांनी काय करावे

ह्या इतिहासातून काही व्यवहार्य सूत्रे निघतात.

पहिले सूत्र निवडीचे. पहिला क्रमांक मिळविणारा विद्यार्थी नेहमी उत्तम सांगणारा असतोच असे नाही. ज्याला कधी अडलेच नाही त्याला अडणे म्हणजे काय हे ठाऊक नसते. जो स्वतः पहिल्या वर्षी इंग्रजी शब्दांच्या भिंतीवर आपटला आणि मग वाट काढून पुढे गेला, तो अधिक उपयोगी. सीमाभागात मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषा बोलणारे विद्यार्थी पुष्कळ सापडतात. ते तर अमोल होत.

दुसरे तयारीचे. निवडलेल्या विद्यार्थ्यांबरोबर प्राध्यापकाने आठवड्यातून एकदा तरी बसावे. उत्तर सांगून मोकळे होण्यापेक्षा प्रश्न विचारून सोबत्याला उत्तरापर्यंत कसे न्यावे, आणि त्याची प्रयोगवही आपण लिहून देणे ही मदत कशी नव्हे, हे त्यांना दाखवावे. एखाद्या धड्यातील पंचवीस-तीस पारिभाषिक शब्द मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन स्तंभांत विद्यार्थ्यांकडूनच लिहवून घेतले, तर तो तक्ता पुढील वर्षीच्या वर्गालाही उपयोगी पडेल.

तिसरे वेळेचे आणि जागेचे. खानापूर, चिकोडी किंवा निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांचा दिवस गावच्या एस.टी.वर चालतो. ‘कॉलेज सुटल्यावर थांबा’ ही सूचना गावात राहणाऱ्या मुलालाच पाळता येते. मुलींना तर ती बहुधा पाळताच येत नाही. म्हणून ह्या तासिकेला वेळापत्रकात दिवसाच स्थान हवे, आणि एक ठरलेली खोली हवी. हे प्राचार्यांच्या सहीवाचून होत नाही, आणि ती सही मिळविणे हे प्राध्यापकाचे काम आहे, विद्यार्थ्याचे नव्हे.

चौथे प्रतिष्ठेचे. ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ अशी पाटी लागली की ज्याला खरी गरज आहे तो तेथे फिरकत नाही. ‘ढ’ म्हणवून घेणे कोणालाच आवडत नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत सुरू झालेल्या एका योजनेने ह्यावर चांगला तोडगा काढला. तिने कच्चे विद्यार्थी शोधले नाहीत, कठीण विषय शोधले. आणि त्या विषयांच्या जादा बैठका सर्वांना खुल्या ठेवल्या. बैठक चालविणारा वरचा विद्यार्थी प्राध्यापकाच्या व्याख्यानांनाही पुन्हा बसतो. दोष मुलाचा नव्हे, विषय अवघड आहे, एवढे म्हटले की दार उघडते. येथेच धूळपाटीच्या शाळेतील तो जुना दोषही टाळता येईल. नेहमी एकाच समाजाची मुले सांगणारी आणि दुसऱ्या समाजाची ऐकणारी, असे होऊ देऊ नये. जो गणितात शिकतो तो भाषेत शिकवील, जो इंग्रजीत अडतो तो कन्नड व्यवहारात सोबत्याला वाट दाखवील, अशी अदलाबदल प्राध्यापकाने मुद्दाम घडवून आणावी.

पाचवे मोबदल्याचे. मानधन देता आले तर उत्तम. न आले तर निदान प्रमाणपत्र, ग्रंथालयात अधिक पुस्तके नेण्याची सवलत, आणि वार्षिक अहवालात नावाने उल्लेख व्हावा.

सहावे, आणि सर्वांत कठीण, ऐकण्याचे. विद्यार्थी प्राध्यापकाला जे विचारीत नाहीत ते एकमेकांना विचारतात. तेच प्रश्न दर आठवड्यास प्राध्यापकाकडे परत आले, तर आपल्या व्याख्यानात नेमके कोठे धुके आहे हे त्याला कळेल. हे ऐकण्यास मनाचा मोठेपणा लागतो. परंतु शिकविणाऱ्या विद्यार्थ्याकडून येणारा हा निरोप ऐकून जो प्राध्यापक आपला पुढचा तास बदलतो, त्यानेच ह्या कार्याला खरा आधार दिला असे म्हणावे लागेल.

एक इशाराही देणे अवश्य आहे. रिक्त पदे भरावयाची नाहीत आणि ‘मुले एकमेकांना शिकवितात’ असे म्हणून समाधान मानावयाचे, ही लँकेस्टरच्या काळची चूक कोणत्याही संस्थेला पुन्हा करता येते. ज्या महाविद्यालयात त्या विषयाचा प्राध्यापकच नाही, तेथे सहाध्यायी-अध्यापन ही मदत नव्हे. ती फसवणूक आहे. तसे प्रसंग येतील तेव्हा प्राध्यापकांनी व पालकांनी स्पष्ट बोलले पाहिजे.

समारोप

हा विषय केवळ महाविद्यालयांचा आहे असे पाळक व धर्मशिक्षक ह्यांनी समजू नये. आपल्या मंडळ्यांतील तरुण ह्याच महाविद्यालयांत जातात. शिवाय रविवारच्या शाळेत आणि दृढीकरणाच्या वर्गात मोठ्या मुलांकडे लहान मुले सोपविण्याची रीत आपल्याकडेही आहे. ती सोपविताना आपण त्या मोठ्या मुलाबरोबर आधी बसतो काय? नंतर त्याचे ऐकतो काय? की आपल्याला दुसऱ्या गावी जावयाचे असते म्हणून त्याच्या हाती वर्ग देऊन निघतो?

मोशेचा सासरा इथ्रो ह्याने त्याला दिलेला सल्ला आपण सर्व जाणतो. भार वाटून द्यावा, हे आपल्या लक्षात राहते. परंतु त्या सल्ल्याचे आणखी दोन भाग आहेत. ज्यांच्यावर भार टाकावयाचा ती माणसे पारखून घ्यावीत, आणि त्यांना जे कठीण जाईल ते मोशेकडे यावे. म्हणजे मोशेने आपल्या आसनावरून उठून जावयाचे नव्हते.

इक्केरीच्या त्या चार मुलांचे उत्तर खरे होते. चौघे एकाच वेळी एकाच ठिकाणी अडत नाहीत. पण क्वचित अडतातही. त्या वेळी ओसरीपासून हाकेच्या अंतरावर कोणी तरी असावे लागते. महाविद्यालयातील प्राध्यापकाने, आणि मंडळीतील पाळकाने, आपली जागा तेथे ठेवावी.